नदीचं नाव असलेली गाडी

मी नोकरीला लागले तेव्हा हैदराबादेत परदेशी गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या. आमची शोरूम बेगमपेठेच्या रस्त्यावर होती आणि मी काचीगुड्याहून दोन बस बदलून तिथे जायची. सासरी स्कूटरपलीकडे काही नव्हतं. मी मात्र दिवसभर अशा गाड्या उघडून दाखवायची, ज्यांची दारं लागताना आवाजसुद्धा होत नसे. मराठी, तेलुगू, दखनी आणि कामापुरतं इंग्रजी येतं म्हणून मला घेतलं होतं. पण पहिले कित्येक महिने माझ्या हातून एकही गाडी गेली नाही. मी सारखी उभी राहायची. खुर्चीत बसलं की वाटायचं, आता काढून टाकतील.

आमच्या गाड्यांना नावं नव्हती. एक इंग्रजी अक्षर आणि पुढे आकडे. मुंबईच्या साहेबांनी बजावलं होतं, "अक्षरच सांगायचं. अक्षर जगात कुठेही चालतं." तरी येणारा प्रत्येक जण नाव विचारायचाच. एक कंत्राटदार तर हसून म्हणाला, "ये तो बस का नंबर हुआ ना!"

एका सकाळी बरकतपुऱ्याहून एक वयस्कर जोडपं आलं. निवृत्त वकीलसाहेब आणि त्यांच्या बाई. अमेरिकेतल्या मुलाने गाडी घ्यायचा हट्ट धरला होता. वकीलसाहेब माहितीपत्रक वाचत बसले. बाई गाडीला वळसा घालून सरळ स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या.

"काकू, तुम्ही चालवता?"

"चालवायची. ह्याच कंपनीची होती आमची. सासऱ्यांनी घेतलेली. तिला एका नदीचं नाव होतं." त्यांनी ते नाव उच्चारलं, लहान मुलाचं नाव घ्यावं तसं. "हे कोर्टात गेले की सासरे मला तारनाक्याला न्यायचे, युनिव्हर्सिटीच्या रिकाम्या रस्त्यावर. पदर खोचून शिकले. लोक सायकली थांबवून बघायचे. मग कुळकायद्यात गावच्या जमिनी गेल्या, पाठोपाठ गाडीही गेली." त्यांनी हात खाली घेतले. "हिचं नाव काय?"

मी अक्षर आणि आकडे सांगितले. त्या उतरल्या. "बघू," म्हणाल्या.

नंतर ती दोघं पुन्हा पुन्हा येत राहिली. बाई गाडीत बसायच्या, नाव विचारल्यासारखं माझ्याकडे बघायच्या आणि उतरायच्या. मॅनेजर वैतागला. "वक्त खराब करतायत तुझा." मला रात्री झोप लागेना. मला ही गाडी विकायची होती की त्यांनी ती चालवलेली बघायची होती, हेच कळत नव्हतं.

पावसाळा सरता सरता कंपनीने काही जुनी नावं परत आणायचं ठरवलं. पहिलंच होतं ते नदीचं. नवी गाडी आली, मागच्या बाजूला चकचकीत अक्षरांत नाव. मी लगेच फोन केला.

बाई आल्या त्या थेट मागे गेल्या आणि नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मी चालवणार."

"लायसन्स?"

"दर वेळी नवं करून घेत आले. का ते विचारू नकोस."

मी शेजारी, वकीलसाहेब मागे. सिकंदराबादच्या गर्दीतून त्या दबकत गेल्या, तारनाका आल्यावर मोकळ्या झाल्या. पण गिअर बदलताना दर वेळी त्यांचा डावा हात आधी स्टिअरिंगच्या दांड्यापाशी, जुन्या गाड्यांचा गिअर असायचा तिथे, जायचा आणि तिथे काही न सापडून खाली यायचा. युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अहो, ही ती नाही."

"कशी असेल?" वकीलसाहेब म्हणाले. "जमाना झाला."

"ते मलाही कळतं. पण नाव तेच असलं की हात तिचा गिअर शोधतो. दर वेळी असं फसायचं नाही मला." त्या माझ्याकडे वळल्या. "ती अक्षरवालीच दे, पोरी. तिच्याकडे मी जुनं काही मागणार नाही."

परतताना सिग्नलला थांबल्यावर त्यांनी विचारलं, "तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं?"

मी दचकले. लग्नात तांदळांत अंगठीने लिहून माझं नाव बदललं होतं, तेव्हापासून कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "घाबरू नकोस, मी त्या नावाने हाक मारणार नाही."

गाडी नेण्याच्या दिवशी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. वकीलसाहेब वरची कडी घट्ट धरून बसले होते. बाईंनी बरकतपुऱ्याकडे न वळता गाडी उलट्या दिशेला घातली आणि दिसेनाशा झाल्या. ती अक्षरवाली त्यांनी पुढे बरीच वर्षं स्वतः चालवली. सर्व्हिसिंगला आल्या की कुठल्या रिक्षावाल्याला कसा हरवला, ते रंगवून सांगायच्या. नावाची गाडीही खपली. माझ्या वडिलांच्या वयाची माणसं येत, नाव वाचत आणि मला आपल्या गोष्टी सांगत बसत.

पण बाई गाडी घेऊन गेल्या त्या संध्याकाळी मला चैन पडेना. काचीगुड्याला उतरून घरी जायचं सोडून मी स्टेशनपर्यंत चालत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. उशीर का झाला म्हणून सासूबाईंनी विचारलं.

"पहिली गाडी विकली."

त्या स्वयंपाकघरात साखर आणायला गेल्या आणि तिथूनच मला हाक मारली, त्यांनी ठेवलेल्या नावाने. ओ द्यायला मला जरा वेळ लागला.