जिन्यातल्या दाराचा रंग

आज गच्चीवर रंगारी शंकररावांनी लाकडाचे दोन तुकडे स्टोव्हच्या ज्योतीवर धरले. चकचकीत पॉलिशचा तुकडा भसकन पेटला. दुसऱ्यावरचा मळकट आगरोधक रंग मात्र पापडासारखा फुगला आणि त्याने खालचं लाकूड झाकून धरलं. आम्ही सगळे लहान मुलांसारखे हसलो. चकाकीचं माणसाला केवढं वेड! आपलं नावही आपण असंच चमकवत राहतो, आच लागेपर्यंत.

इमारतीच्या जिन्यातल्या, आग अडवण्यासाठीच्या दाराला काय लावायचं, ते ठरवायला आम्ही जमलो होतो.

"पण गेल्या वेळी दार यांनीच बिघडवलं ना? पुन्हा यांनाच काम द्यायचं?" सेक्रेटरीबाईंनी विचारलं.

"यांनी नाही," मी म्हणालो. "तेव्हा सेक्रेटरी मी होतो. हे नको म्हणत होते. माझ्या मुलीच्या लग्नात जिना चमकावा म्हणून पॉलिश मीच लावायला लावलं. तपासणीत दार नापास झालं, तेव्हा भर सभेत मी दोष यांच्या नावावर ढकलला."

शंकरराव जळका तुकडा विझवत म्हणाले, "काका, माझा रंग चार तासांत वाळतो. तुम्हाला नऊ वर्षं लागली!"

पुन्हा हशा पिकला. त्यात माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता. काम शंकररावांनाच मिळालं.