सखूलाच चावणारी गिरणी

गोराईच्या सखुबाईचं तोंड म्हणजे तोफखाना. बोरिवलीच्या बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं बोंबलांना नाक मुरडलं, की ती म्हणायची, "नाक घरी ठेवून या, मग मासळी घ्या!" अशी बाई पिठाच्या गिरणीला घाबरते, हे सांगून कुणाला पटलं नसतं. पण घाबरत होती खरी.

नवरा महादू दर्यात बुडून गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून जातं ओढायला वेळ कुठला? मासळी विकली की ती तशीच अनवाणी, ओल्या हातांनी, तांदळाचा डबा घेऊन बळवंताच्या विजेच्या गिरणीत शिरायची. डबा ठेवताना गिरणीच्या लोखंडाला हात लागला, की सण्णकन झटका! बाकीच्या बाया त्याच लोखंडाला रेलून गप्पा छाटायच्या, त्यांना काही म्हणता काही नाही.

"मी दिवसभर हिला हात लावतो. मला का नाही चावत?" बळवंत म्हणायचा. "तुझ्यातच काहीतरी आहे, सखुबाई."

"आधी नवरा गेला, आता हे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सखूनं त्या बाईची सात पिढ्यांची उजळणी केली. पण बोलणं काळजात रुतलं ते रुतलंच. आपल्या हातालाच काही लागलंय, असं तिनं मनाशी धरलं. पुढच्या आठवड्यात एकुलत्या एका लेकीचं, कमळचं लग्न. रोज तिची वेणी घालणारी ही आई, आता "तुझी तू घाल, मला कामं आहेत" म्हणून पाठ फिरवायची. लेकीला आपलं काही बाधू नये, एवढीच धडपड. आत जीव तुटत होता बिचारीचा.

एका संध्याकाळी खाडीपल्याड गोराईला परतताना होडीत तिच्या शेजारी ॲम्ब्रोज बसला होता. गोराईचाच, बोरिवलीत वायरमनचं काम करणारा. न राहवून तिनं विचारलं, "ॲम्ब्रोज, विजेला माणसाचं पाप कळतं का रे?"

ॲम्ब्रोज आधी हसला, मग तिचा चेहरा बघून तिच्याकडे वळून बसला. "विजेला कुणाचं काय कळतंय, सखू! तिला फक्त वाट कळते. उद्या येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी गिरणीत पाऊल टाकताच त्यानं वर नाही, खाली बघितलं. बळवंत लाकडी फळीवर उभा, पायात जाड चपला. बाया वहाणा घालून कोरड्या कोपऱ्यात. आणि सखूच्या नेहमीच्या जागी, दाराशी, टोपलीतून गळलेल्या खाऱ्या पाण्यानं जमीन ओलीचिंब.

"मिठागराचा बांध बघितलायस ना?" तो म्हणाला. "भरतीला बाहेर पाणी चढतं, आत सगळं खाली. ते पाणी बांधाला रेटत असतं, तो रेटा म्हणजे व्होल्टेज. बांधाला भोक पडलं की पाणी धावतं, तो करंट. आणि बांध जो अडवून धरतो, तो रेझिस्टन्स. ह्याची फळी म्हणजे पक्का बांध. तुझे हात ओले, पाय उघडे, जमीन खारी. तुझ्या जागी बांधच नाही, बाई! सगळ्यांना रेटा तोच, पण पाणी तुझ्यातूनच धावणार ना?"

"हॅ! माझी गिरणी ठणठणीत आहे," बळवंत फुरफुरला.

"मग चपला काढ, फळीवरून उतर आणि सखूच्या जागी उभा राहून हात लाव."

बळवंत जागचा हलेना. ॲम्ब्रोजनं पिशवीतून दोन तारा जोडलेला तपासणीचा दिवा काढला, त्याची एक तार लोखंडाला लावली, दुसरी कोरड्या फळीवर ठेवली. दिवा मख्ख. तीच तार ओल्या जमिनीत खुपसली, तर दिवा तांबूस मिणमिणला! गिरणी बंद करून बघितलं, तर मोटारीखाली तारेचं कातडं झिजून ती लोखंडाला टेकलेली, आणि गळलेली वीज परस्पर जमिनीत नेणारी अर्थिंगची तार तुटून लोंबत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच.

"वाचलीस हेच नवल," ॲम्ब्रोज हळूच म्हणाला.

दोन्ही तारा नव्या घालून त्यानं गिरणी सुरू केली, पुन्हा दिव्याच्या तारा टेकवून दिवा पेटत नाही हे बघितलं, मग स्वतः अनवाणी उभा राहून हात लावला. त्यानंतर सखूनं दोन्ही ओले पंजे लोखंडावर दाबून धरले. गिरणी नुसती घरघरत राहिली. "म्हणजे माझं काही नाही ना रे?" एवढंच ती बोलली, आणि भर गिरणीत, सगळ्यांदेखत, हमसून हमसून रडली.

घरी येताच तिनं हाक मारली, "कमळ, फणी आण. वेणी घालते."

कमळ पाठमोरी बसली. सखूची बोटं केसांत शिरली, तशी पोरीची मान खाली गेली.

"काय गं? ओढलं का?"

"नाही," कमळ म्हणाली. "मला वाटलं आये, मी लग्नाला हो म्हटलं, म्हणून तुला मी नकोशी झाले."

सखूच्या हातातली फणी खाली पडली. तिनं लेकीला मागूनच घट्ट मिठी मारली. त्या दिवशी वेणी काही पुरी झाली नाही.