सगळ्यांना समजलेला प्रश्न

आपल्याला माणसांना प्रश्न विचारताच येत नाहीत, असं हेलेदच्या मनाने घेतलं आहे, आणि ते काही माझ्या डोक्यातून जात नाही.

खरं तर माझी ही लेक लहानपणापासून प्रश्नच विचारत आली. सातव्या वर्षी तिने आमच्या पाद्रीबाबांना विचारलं होतं, की देवाला वेल्श कळतं हे तुम्हाला कुणी सांगितलं. आता त्यावरच तिचं पोट आहे. करांचे काही अधिकार लंडनकडून आमच्या वेल्सच्या राजधानीकडे, कार्डिफकडे, आणायचे का, यावर सार्वमत व्हायचं आहे. मतपत्रिकेवरचा प्रश्न पक्का करण्याआधी तो गावोगावच्या साध्या माणसांना वाचायला देतात. ते काम हेलेदचं. कागद द्यायचा, जे कळलं नाही त्याखाली रेघ मारायला सांगायची आणि आपला चेहरा कोरा ठेवायचा. मान हलवायची नाही, हसायचं नाही. हल्ली घरी आली तरी तेच. मटण कसं झालंय विचारलं तर म्हणते, "तुला काय वाटतं?"

गेल्या मंगळवारी ती आमच्याच गावी आली. चॅपलमागच्या खोलीत बाराजण जमले. बाराही कागदांवर एक रेघ नाही. सगळ्यांना सगळं समजलं. मग चहा आणि मनुकांचा पाव झाला. कप विसळता विसळता शेजारचे ग्विलिम, मेंढ्यांवाले, म्हणाले, "एकूण काय पोरी, हो म्हटलं की कर वाढणार, नाही म्हटलं की आहे तेवढाच राहणार. बरोबर ना?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कर किती असावा हे कुणी विचारलंच नव्हतं. तो कुणी ठरवायचा, एवढाच प्रश्न होता.

चहानंतरचं बोलणं नियमाने धरत नाहीत. स्वच्छ कागद पाठवून ती मोकळी झाली असती. तिने तसं केलं नाही. वरिष्ठांना कळवलं, की ही चाचणी धरू नका, प्रश्न पुन्हा तपासा. माणसांना बोलतं करणं आपल्याला जमलं नाही, असंही तिने लिहिलं. उरलेली चार गावं तिच्याकडे ठेवायची का, ते उद्या ठरणार आहे.

तिचं मला कौतुक वाटतं. आज भांडी घासताना त्या कौतुकाने मी एकटीच हसत होते. पण चूक तिची नव्हती. आदल्या संध्याकाळी मीच बाराही घरी फोन केले होते, की पोर गावात पहिल्यांदाच कामाला येते आहे, उगाच भंडावू नका तिला. आमची माणसं शब्दाला पक्की. ग्विलिम तर चष्मासुद्धा न घेता आले होते.

सकाळी आठच्या गाडीने ती ऑफिसला निघते. त्याआधी, साडेसहालाच, मी तिला फोन करून हे सांगणार आहे. रागावेल. रागावू दे.