वहिनीचा गोंधळ मी अडवला

अन्याय झाला माझ्या वहिनीवर. बदनावरची मुलगी, लग्न होऊन धारला आमच्या घरी आली त्याला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. कधी झाला, तेही सांगते: गेल्या नवरात्राच्या आधीचं नवरात्र, अष्टमी, संध्याकाळचे साडेपाच. जागा देवास, टेकडीचा पायथा. अन्याय करणारी मी, तिची नणंद.

मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक असंच सुरू होतं. कोणावर, कधी, कुठे, कोणी केलं. ज्यांनी मला हे काम शिकवलं ते म्हणायचे, पहिल्या चार ओळींत जो बोट दाखवायला घाबरतो त्यानं पत्रक लिहू नये. मी घाबरत नव्हते. फक्त 'कोणी केलं' या जागी आजवर स्वतःला कधी लिहिलं नव्हतं.

पत्रकं मी हिंदीत लिहिते. आम्ही मध्य प्रदेशातले मराठी; शाळा हिंदी, कॉलेज हिंदी, भांडणं तर सगळी हिंदीतच. हे मराठीत लिहिते आहे, अडखळत का होईना, कारण आमच्या घरात देवीशी मराठीतच बोलतात. नवस मात्र मी हिंदीत बोलले होते. माइकवर.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मुलींची शाळा आहे आणि शाळेच्या भिंतीला लागून कलाली, म्हणजे दारूचं दुकान. मी त्याच शाळेत शिकले. सुटण्याच्या वेळी आम्ही पोरी दप्तर छातीशी धरून, खाली बघत, ती पन्नास पावलं जवळजवळ पळत काढायचो. अजूनही पोरी तशाच पळतात. ती कलाली हटावी म्हणून मी तीन वर्षं पत्रकं वाटली, निवेदनं दिली, साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसून राहिले. त्या अष्टमीला आजूबाजूच्या दारूविरोधी मंडळींची देवासला सभा होती. सोनकच्छ, कन्नौदपासून बायका आल्या होत्या. वर टेकडीवर देवीच्या दर्शनाची रांग, खाली आम्ही.

माझ्या आधी बोललेल्या बाईंना टाळ्या पडल्या. मलाही हव्या होत्या. हे आज लिहायला जड जातंय, पण खरं आहे. मी बोलत गेले, लोक थंड बसून राहिले, कोणी कोणी चहाकडे निघाले. तेव्हा मी टेकडीकडे हात केला आणि म्हटलं, "माता सुन रही है. जब तक हमारी गली की कलाली नहीं हटती, हमारे घर में माता का गोंधळ नहीं होगा. ये मेरा वचन है." चहाकडे निघालेले परत फिरले. टाळ्या वाजत राहिल्या.

गोंधळ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरात त्याचा एक वेगळा अर्थही आहे. लग्नानंतर गोंधळ होईपर्यंत नवी सून देवघराचा उंबरा ओलांडत नाही. नैवेद्याच्या स्वयंपाकाला तिचा हात लागत नाही. गोंधळाच्या दिवशी तिची आई येते, देवीपुढे तिची ओटी भरते, आणि मग ती घरची. तोवर ती लग्नाची पाहुणी. वहिनीचं लग्न वैशाखात झालं, पण आमच्या गोंधळीबाबांचा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, म्हणून कोजागिरी ठरली. मी वचन दिलं त्या दिवसापासून बरोबर सात दिवसांवर. पाहुण्यांना सांगून झालं होतं.

मी घरी पोहोचण्याआधी भाषणाचा व्हिडिओ पोहोचला. गल्लीतला एक जण भावाला म्हणाला, "भिया, थारी बेन ने तो आग लगा दी." भाऊ म्हणाला, "हो, आमच्याच घराला लावली."

सकाळी अण्णा शिवणाच्या मशीनवर बसले होते. माझे वडील ग्राहकाशीसुद्धा कमी बोलतात. पाय न थांबवता त्यांनी विचारलं, "काल बोललीस ते कौल लावून बोललीस?"

"अण्णा, स्टेजवर कौल कसा लावणार?"

"मग स्टेजवर बोलायचं कशाला?"

आमच्यात देवीला काही बोलायच्या आधी कौल घेतात. देवीच्या चांदीच्या टाकाला झेंडूच्या दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मनात प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. पाकळी पडेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा दिवस. मी यावर एक पत्रक काढलं होतं, 'फ़ैसला पंखुड़ी करेगी या हम?' अण्णांनी ते घडी करून कापडाच्या मापासाठी वापरलं होतं.

"पुरणाला पुरेल एवढी डाळ आणून ठेवलीय," आई म्हणाली. "आता पाहुण्यांना सांगू काय?"

"सांग, नेताबाईंनी देवीवर बहिष्कार टाकलाय," भाऊ म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलंही नव्हतं, हे मला तिनं पुढे कधी सांगितलं नाही, मलाच आठवतं.

अण्णांनी मशीन थांबवलं. "ज्याच्या तोंडून शब्द गेला, त्यानंच सोडवून मागायचा. मी लावून चालणार नाही. तू बस, कौल लाव, विचार तिला, मोकळं करतेस का म्हणून. आजच."

मी म्हटलं, नाही. आज मागे घेतलं तर उद्या कलालीवाला माझ्या तोंडावर हसेल. वचन म्हणजे वचन. असं म्हणताना मला फार ताठ वाटत होतं. देवीला न विचारता बोलले ही पहिली चूक टाळ्यांच्या नशेत झाली होती. ही दुसरी मी पूर्ण शुद्धीत केली.

कोजागिरी गेली. दिवाळी आली. वहिनी कणीक मळायची, भाज्या चिरायची, चकल्यांचं सगळं पीठ तिनंच भाजलं. पण नैवेद्याचं ताट करायची वेळ आली की ती आपसूक बाहेर येऊन उभी राहायची आणि आई गुडघे धरत उठायची. नियमच चुकीचा होता असं म्हणायचं असेल तर म्हणा, मीही म्हणते. पण मी तो नियम मोडला नाही. मी त्याला कुलूप घातलं आणि किल्ली कलालीवाल्याच्या खिशात टाकली.

दिवाळीनंतर एका दुपारी ती मेथी निवडत होती, मी पत्रकांच्या घड्या घालत होते.

"वन्सं, एक विचारू? रागावू नका." आईनं तिला नणंदेला वन्सं म्हणायला शिकवलं होतं. मला हसू यायचं त्या शब्दाचं.

"विचार ना."

"कलाली कधीपर्यंत हटेल? अंदाजे?"

मी वर पाहिलं.

"नाही, म्हणजे आई विचारत होती. तिचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. बदनावरहून इथवर बसनं येणं तिला जड जातं आता. ती म्हणते, तारीख कळली तर त्या हिशेबानं अंगात जोर धरून ठेवीन."

काय उत्तर दिलं मी? मी म्हटलं, "वहिनी, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय. बायांसाठीच." एरवी मी तिला अगं-तुगं करायचे. तेव्हा 'तुम्ही' आलं, सभेतलं.

"हो ना," ती म्हणाली आणि मेथी निवडत राहिली.

फाल्गुनात तिची आई गेली. मी बदनावरला तेराव्याला गेले, पंगतीत वाढलं, सगळ्यांशी नीट बोलले. वहिनीच्या डोळ्याला डोळा भिडवून मात्र बोलले नाही. मनाला सांगत राहिले, आजारी होतीच ना, कोणाच्या नवसानं कोणाची किडनी जात नाही. हे बरोबर आहे. पण आरोप तो नव्हताच.

खरा आरोप मला चैत्रात कळला, देवासला. तिथे एका बैठकीला गेले होते, पत्रकं वाटत वाटत गोंधळीबाबांच्या घरावरून जायची वेळ आली. बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी आमच्या घरातल्या तीन पिढ्यांचे गोंधळ घातलेत. संबळ आत खुंटीवर, फडक्यात गुंडाळलेला.

"या ताई, बसा. पत्रक द्या इकडे. वाचता येत नाही चष्म्याशिवाय, पण द्या." मग म्हणाले, "सूनबाई बरी आहे का? आई गेली म्हणे तिची."

"तुम्ही ओळखता तिला?"

"माघात आली होती ना इथं. एकटीच. घरी सोनकच्छला मावसबहिणीकडे जाते म्हणून सांगून आली होती बिचारी."

ते आम्हाला खरंच वाटलं होतं. आईनं बरोबर डबाही दिला होता.

बाबांनी पुढचं सांगितलं ते असं. वहिनीच्या आईची तब्येत उतरत चालली होती आणि ती सारखं एकच विचारायची. शेवटी वहिनीनं फोनवर सांगून टाकलं, झाला गोंधळ, घाईत झाला, तुला आणता आलं नाही. आईला पटेना. म्हणाली, संबळ ऐकव मला, मग मानीन.

"मी म्हटलं, पोरी, दिवटी पेटवल्याशिवाय संबळ वाजवला तर तो गोंधळ नव्हे, तालीम. ती म्हणाली, बाबा, तालीमच वाजवा. फोन पुढे धरून उभी राहिली. हात अजून नीट वळत नाही माझा, पण वाजवला. पलीकडून ती बाई म्हणाली, 'भरली ना गं ओटी?' ही म्हणाली, 'भरली.'" बाबांनी आत खुंटीकडे पाहिलं. "चाळीस वर्षं वाजवतोय. खोटा कधी वाजवला नव्हता. पैसे द्यायला लागली, घेतले नाहीत."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"तुमचं भांडण खरं आहे, ताई. ती कलाली हटायलाच पाहिजे. पण देवीला कोणी विचारलं होतं का, तू या भांडणात येतेस का म्हणून?"

नव्हतं विचारलं. तिला मी साक्षीला ठेवलंच नव्हतं, भोंग्यासारखं टांगलं होतं. आणि किंमत म्हणून जे दिलं ते माझं नव्हतंच. मी उपास धरू शकले असते, अनवाणी फिरू शकले असते, आवडतं काही सोडू शकले असते. मी दुसरीची ओटी सोडली. एका बाईनं मरणाऱ्या आईशी खोटं बोलावं, घरी खोटं बोलून एकटीनं बसनं जावं, म्हाताऱ्या माणसानं खोटा संबळ वाजवावा, हे सगळं माझ्या खरं बोलण्याच्या हट्टापायी.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी देवघरात गेले. अण्णा काही न विचारता झेंडूचं फूल आणि पाण्याची वाटी ठेवून गेले. इतके महिने ते याचीच वाट बघत होते, हे मला त्या वाटीवरून कळलं.

पाकळ्या लावल्या. आणि प्रश्नच येईना. सवयीनं डोक्यात मागण्यांची यादी आली, एक, दोन, तीन. ती पुसली. मग म्हटलं, मी न विचारता बोलले. मोकळं कर. मला नाही, तिला.

अर्धा दिवस बसायची तयारी होती. बसायला हवंच होतं, असं वाटत होतं. पण कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत उजवी पाकळी पडली.

एवढंच होतं. आश्विनात विचारलं असतं तरी एवढंच झालं असतं का, मला माहीत नाही. डावी पडली असती कदाचित. पण मी तिथे बसले तरी असते, आणि बसल्या जागी कोणीतरी येऊन म्हणालं असतं, अगं, तिच्या आईचं काय? कौल मी पाकळीचा खेळ समजत होते. त्यात थांबणंही असतं, हे पाहिलंच नव्हतं.

मागे वळून पाहिलं तर वहिनी उंबऱ्याबाहेर उभी होती.

"पडली?"

"पडली."

"बरं," ती म्हणाली. "कुकर उतरवते."

चैत्री पौर्णिमेला गोंधळ झाला. वहिनीची ओटी तिच्या मावशीनं भरली. बाबांनी दिवटी पेटवली आणि संबळावर हात ठेवला, तेव्हा वहिनीनं क्षणभर डोळे मिटले. तो आवाज तिनं याआधी कुठे ऐकला होता हे त्या घरात तिघांनाच ठाऊक होतं.

नंतर मी तिला एकटीला गाठून माफी मागितली. ती म्हणाली, "वन्सं, माफी नका मागू. मागितली की मला 'असू दे' म्हणावं लागतं. ते मला अजून म्हणायचं नाहीये." आता त्या शब्दाचं मला हसू येत नाही. हे सगळं लिहू का, म्हणून तिला विचारलं. दोन दिवसांनी हो म्हणाली. दोन्ही दिवस मी थांबले.

कलाली अजून तिथेच आहे. मी अजून पत्रकं वाटते, अजून बाकावर बसते. ते सोडणार नाही. पण माइकवर देवीचं नाव घेत नाही.

आता तुमच्याकडे येते. तुम्हीही कधीतरी रागात, मोठेपणात, चार लोकांत शब्द टाकला असेल, 'हे होईपर्यंत आमच्याकडे ते होणार नाही' म्हणून. देवाला न विचारता, घरच्यांना न विचारता. तो शब्द तुम्ही पाळत नसाल, दुसरंच कोणीतरी गुपचूप पाळत असेल. आज त्या माणसाकडे जा. समोर बसा आणि विचारा, माझ्या बोलण्यानं तुझं काय अडलंय? आणि उत्तर येईपर्यंत जागेवरून उठू नका.