सुट्टीतली घंटा

रेवसजवळच्या आमच्या निवासी विद्यालयात फी नव्हती. तिच्याऐवजी प्रत्येकानं काम करायचं. माझ्याकडे बागेचं शिंपणं होतं, माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे घंटा आणि पंगतीचं वाढप. काहीही विचारलं की तो आधी मान हलवायचा, मग सावकाश "व्हय" म्हणायचा. वाढून झाल्यावर "होऊ द्या सावकाश, मंडळी" म्हटल्याशिवाय स्वतःच्या पानावर बसायचा नाही. सुट्टीत तो कुठे जातो, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

एका दिवाळीत माझी मुंबईची आगबोट चुकली. चडफडत विद्यालयात परतलो, तर ओस आवारात जेवणाची घंटा वाजत होती आणि तो ताठ उभा राहून ती देत होता.

"अरे, कुणासाठी वाजवतोस?" मी जरा रागानंच विचारलं.

"काम हाय माजं."

त्यानं दोन पानं वाढली. माझं माझ्या रोजच्या जागी आणि स्वतःचं त्याच्या जागी, पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला. शेजारी बसावं, असं त्याच्या मनातही आलं नसावं. मग मधल्या रिकाम्या पाटांवरून नजर फिरवत तो म्हणाला, "होऊ द्या सावकाश, मंडळी."