विरघळलेली मडकी

नव्या मडक्यात पहिलं पाणी ओतलं की जो वास येतो, त्याने मला कडावच्या कुंभाराचं अंगण आठवतं. सासरे गेले त्या वर्षी अक्षय्यतृतीयेला त्यांच्या नावाने पाण्याचं मडकं भरायचं होतं, म्हणून सासूबाई नि मी पंधरवडाभर आधीच सांगायला गेलो. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला होता आणि अंगणात वाळत ठेवलेली कच्ची मडकी विरघळून नुसता चिखल झाला होता. कुंभार ओट्यावर नुसता बसून होता. कुंभारीण मात्र दोन्ही हातांनी तो चिखल गोळा करत होती. “भाजल्यावर फुटली असती तर खापरंच राहिली असती,” ती म्हणाली, “ही अजून मातीच हाय, काकी. परत मळायची.” सासूबाईंनी लुगडं वर खोचलं आणि चिखलात पाय घातला. “माझ्या माणसाचं मडकं हाय गं यात. मी बी तुडवते.” ते पाहून कुंभारही उठला आणि चाक पुसू लागला. सणाला मडकं वेळेवर मिळालं, जरासं तिरकं होतं. यंदाही अवकाळी पाऊस झोडपून गेला, तरी कुंभारणीच्या सुनेने मडकं आणून दिलं. ते मी सासूबाईंच्या नावाने भरलं.