विजयादशमीची बाग

जुन्या टीव्ही गेमचं वेड असलेल्या माणसांचा एक गट माझ्या फोनवर आहे. सगळे चाळिशी गाठलेले किंवा ओलांडलेले. कुणी बँकेत आहे, कुणी रेल्वेत, एक जण पुण्यात वकील आहे. दिवसभर शहाण्यासारखं वागून संध्याकाळी ही माणसं एकमेकांना जुन्या कॅसेटींचे फोटो पाठवतात आणि कुठला स्टिकर अस्सल, कुठला नकली यावरून हमरीतुमरीवर येतात. मीही त्यांच्यातलीच. दिवसा मी कुंभकोणमला लोकांचे दात बघते. आई म्हणते, दातांच्या डॉक्टरला हे शोभत नाही. काय शोभतं ते मात्र तिनं अजून सांगितलेलं नाही.

या गटात मला एक गोष्ट नेहमी नवलाची वाटते. कॅसेट चालेनाशी झाली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे आम्हा सगळ्यांना लहानपणी ठाऊक होतं. मदुरैतल्याला, नागपूरकडच्याला, मला. हे शिकवलं कुणी? तेव्हा फोन नव्हते, आमच्या कुणाच्या ओळखी नव्हत्या, तरी देशभरची पोरं एकच फुंकर मारत होती. मी खूप विचारलं, कुणालाच सांगता आलं नाही.

असंच विचारता विचारता मी एकदा लिहिलं, की त्या जंगलातल्या खेळात एक उलटी बाग येते, ती कुणाला आठवते का?

तो खेळ सगळ्यांना माहीत होता. एक छोटा माणूस जंगलातून धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, फळं वेचतो. पण मला त्यातलंच आणखी काही आठवत होतं. आकाश लाल व्हायचं. झाडं मुळं वर करून टांगलेली असायची. फळांच्या जागी आकडे आणि तुटकी अक्षरं यायची, आणि त्या माणसाचं डोकं पुढे निघून जायचं, धड मागून यायचं. ही बाग रोज दिसायची नाही. वर्षातून एकदा, विजयादशमीला यायची, दोनतीन दिवस राहायची आणि जायची. आम्हा मुलांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. सणाला पाहुणे येतात, तशी बाग येते असं आम्ही धरून चाललो होतो.

गट पोट धरधरून हसला. पुण्याच्या वकिलानं कळवलं की त्यानं हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत कितीदा तरी पार केला आहे, त्यात असली बाग नाही, आणि लहानपणची आठवण हा सगळ्यात फुटका साक्षीदार. वर असंही म्हणाला, की तुमचं मराठी वाचताना पगडी घालून बसावंसं वाटतं. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबाराबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांनी आणलेलं मराठी आम्ही घरात बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. पगडीचं मला काही वाटलं नाही. फुटका साक्षीदार मात्र झोंबला.

कारण बाग खोटी ठरली, तर तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट खोटी ठरत होती.

माझे अप्पा तिरुविडैमरुदूरच्या शाळेत गणित शिकवायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे आणि आल्यावर पुन्हा घरी शिकवणीची पोरं. रागीट नव्हते, पण त्यांचा वेळ आमच्या वाट्याला फार कमी यायचा. सिंगापूरच्या काकांनी तो गेम आणून दिला तेव्हा अप्पांनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. त्यांच्या शेजारी बसून खेळल्याची माझ्याजवळ एकच दुपार आहे. विजयादशमीची सुट्टी होती. मी उलट्या बागेत अडकले होते. अप्पा येऊन जमिनीवर बसले, वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, गुडघ्यांवर घेतली आणि माझ्या हातातून जॉयस्टिक घेतली. त्यांनी मला काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं, त्यावर ते काही बोलले आणि खळखळून हसले. काय बोलले ते मी विसरले. हसणं तेवढं राहिलं आहे.

मी कॉलेजात जायच्या आधीच अप्पा गेले. त्यांच्या पुष्कळ आठवणी मला आईनं सांगितलेल्या आहेत, काही फोटोंनी सांगितलेल्या. ही एकच माझी स्वतःची आहे. वकिलाचं म्हणणं खरं मानलं, तर तीही मी रचलेली.

भावाला फोन केला. तो तेव्हा रांगत होता, त्याला काय आठवणार? तो म्हणाला, ताई, तुला स्वप्न पडलं असेल. आईला विचारलं, अप्पा तो गेम कधी खेळले का. तिनं मान वर न करता सांगितलं, "त्यांनी जन्मांत तें हातांत धरलें नाहीं." झालं. बागेला एक साक्षीदार होता तोही गेला.

मग मी हट्टाला पेटले. माळ्यावरून गेमचा खोका काढला. एका टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून काचेच्या ट्यूबचा जुना टीव्ही आणला. त्याच्यावरून आईनं मला चार दिवस ऐकवलं, कारण तो ठेवायला तिचं तुळशीपुढच्या दिव्याचं तेल-वातीचं सामान हलवावं लागलं. कॅसेट हातात घेतली तर तिच्या आतल्या सोनेरी पट्ट्यांवर एक पिवळट थर. दातांवर कीटण जमतं तसा. ते बघून माझ्यातल्या डॉक्टरला चेव आला. दवाखान्यातली दात खरवडायची बारीक आकडी घेतली, भिंग लावलं आणि एका रविवारी तो थर कणाकणानं खरवडून काढला. स्पिरिटचा बोळा फिरवला. पट्ट्या अशा लखलखल्या की मी फोटो काढून गटावर टाकला, आणि आयुष्यात पहिल्यांदा वकिलानं माझं कौतुक केलं.

खेळ पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी तो आठवडाभर खेळले, शेवटपर्यंत गेले. निळं आकाश, सरळ उभी झाडं, फळांच्या जागी फळं. सगळं जिथल्या तिथे. इतकं स्वच्छ चित्र मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. शेवटच्या पडद्यावर तो माणूस हात वर करून नाचला आणि मला रडू आलं. आईला वाटलं, जिंकले म्हणून.

त्यानंतर नवरात्र आलं. आमच्याकडे नवव्या दिवशी सरस्वतीपूजेला घरातली पुस्तकं आणि कामाची सगळी हत्यारं देवापुढे मांडतात, गंध-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. त्या दिवशी वाचायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. लहानपणी हा आमचा फार लाडका दिवस होता. यंदाही आईनं पाट मांडला. तिची विळी, गोविंदपुरमला भजनाला नेते ते टाळ, भावाची जुनी कंपासपेटी, माझा दात बघायचा आरसा आणि ती बारीक आकडी. लहानपणी ठेवायचे तशी गेमची कॅसेटही मी हौसेनं ठेवली.

आईनं गंधाची वाटी घेतली आणि माझ्या आकडीच्या टोकालाच बोट लावायला निघाली. मी तिचा हात धरला. ते लोकांच्या तोंडात जातं, मुठीला लाव, म्हटलं. तिनं मुठीला लावलं, पण कुरकुरत.

"ते असते तर भांडले असते तुझ्याशीं," ती म्हणाली. "गंध जिथें काम होतें तिथें लावायचें, असें त्यांचें. मुठीला लावून काय उपयोग?"

हे बाकी खरं होतं, आणि मला ते इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. अप्पा असताना गंध लावायचं काम त्यांचं होतं. विळीच्या पात्याला, पेनाच्या निबेला, शिवणयंत्राच्या सुईखाली. त्यांच्या घड्याळाचं झाकण उघडून आतल्या चाकांनाही लावायला ते निघाले होते, तेव्हा आईनं घड्याळ हिसकावून घेतलं होतं. या कामाला ते गणिताच्या शिस्तीनं बसायचे. वस्तू हातात घेऊन आधी विचार करायचे, हिचं काम नेमकं कुठे होतं?

मी कॅसेटीकडे बघितलं. आईला विचारलं, की हिला ते गंध कुठे लावायचे?

"हिला? उलटी धरून आंत बोट घालायचे," आई म्हणाली. "मी म्हटलें सुद्धां, मुलांचें खेळणें बिघडेल. तर म्हणाले, बिघडलें तर कळेल तरी कसें चालतें तें."

मी तिथेच पाटासमोर बसले. तो पिवळा थर कीटण नव्हतं. दहावीच्या वर्षी अभ्यासापायी माझं खेळणं बंद झालं होतं, पण कॅसेट पूजेत ठेवली होती. पुढच्या नवरात्राला अप्पा नव्हते. म्हणजे त्यांनी बोटानं लावलेलं शेवटचं गंध त्या पट्ट्यांवर तसंच होतं, इतकी वर्षं, माळ्यावरच्या अंधारात. आणि मी भिंग लावून, आकडीनं, मन लावून ते खरवडलं आणि बोळ्याबरोबर दवाखान्याच्या कचऱ्यात टाकलं. फोटोसुद्धा काढला. त्यांची घरात कितीतरी माणसांनी हाताळलेली पुस्तकं आहेत, छत्री आहे, चष्मा आहे. पण बोटाचा ठसा म्हणावा असं तेवढंच होतं, ते मी नाहीसं केलं. मला स्वतःचा फार राग आला.

आई वाटी घेऊन थांबली होती. मी वाटी तिच्याकडून घेतली, कॅसेट उलटी केली आणि आत बोट घातलं.

गटातल्या लोकांनी हे पाहिलं असतं तर मला काढून टाकलं असतं. ही कॅसेट आता मिळत नाही, आणि ओल्या गंधानिशी चालवली तर ती जळायचीच. पण आमच्या घरी पूजेतल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत शिवायचं नसतं. गंधाला वाळायला रात्र मिळते. अप्पांच्या गंधापुढे आमचा गेम इतकी वर्षं कसा तगला याचं उत्तर बहुधा एवढंच होतं.

विजयादशमीला पुन्हा पूजा झाली, नैवेद्य दाखवून झाला. रिवाजाप्रमाणे मी पुस्तक उघडून चार ओळी वाचल्या. मग कॅसेट बसवली आणि टीव्ही लावला. पडदा काळा. कॅसेट काढली. सवयीनं फुंकर मारायला तोंड पुढे केलं आणि मागे घेतलं. आज फुंकायचं नव्हतं. तशीच पुन्हा बसवली.

आकाश आलं, पण लाल नव्हतं, हिरवं होतं. झाडं उलटी नव्हती, मधोमध चिरलेली होती. फळांच्या जागी कसले कसले चौकोन लुकलुकत होते. छोटा माणूस धावत आला, आणि त्याचं डोकं पुढे गेलं, धड मागून आलं. ही आमची बाग नव्हती. तिची सख्खी बहीण होती. माझं बोट बारीक आहे, गंध दुसऱ्याच पट्ट्यांवर बसलं असणार. बाग खेळात नव्हती, पट्ट्यांवरचं गंध झिजेपर्यंत होणाऱ्या बिघाडात होती; पण होती, एवढं नक्की झालं. बागेत अप्पा होते की नाही, हे मात्र पडदा सांगणार नव्हता. ते मला तेव्हा फार तीव्रतेनं जाणवलं.

आई मला जेवायला बोलवायला पळी हातात घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"हें मी पाहिलेलें आहे," ती म्हणाली.

मी वळून बघितलं.

"इथेंच बसले होते. तुझ्याजवळ. मी हाका मारून दमलें, उठायला तयार नाहींत. सांबार गार झालें."

मग त्यांनी कधी हातात धरलं नाही असं मला का सांगितलंस, म्हणून मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण तिनं पळी खाली ठेवली.

"तूं विचारलेंस, अप्पा खेळले कां म्हणून. ते खेळत कुठें होते?" आई म्हणाली. "तुला विचारत होते, याच्या पुढें काय आहे. तूं म्हणालीस, ठाऊक नाहीं. तर म्हणाले, ठाऊक नाहीं? मग तर जायलाच पाहिजे. आणि हसायला लागले. मला त्या दिवशीं इतका राग आला होता."

ती हळूहळू, गुडघ्यांवर हात टेकत, माझ्या शेजारी जमिनीवर बसली. मग तिनं चिरलेल्या झाडांच्या पलीकडे बोट दाखवून विचारलं, तिकडे काय आहे?

ठाऊक नाही, मी म्हटलं.

त्या दिवशी आम्ही जेवायला बसलो तेव्हा चहाची वेळ झाली होती, आणि सांबार गार होतं.